जगायला गेली

दिवाळी सरली की आमच्याकडं थंडीच्या आधी टेंपो येतात. पळसदरीच्या अलीकडं, डोंगरावरच्या आदिवासी वाडीवरून उतरणारी पायवाट जिथं डांबरी रस्त्याला मिळते, त्या फाट्यावर सकाळचे उभे राहतात. भात कापून झालेलं असतं, खाचरांत धसकटं उरलेली असतात, आणि जमिनीत ओल आहे तोवर उरकावं म्हणून कुणी घाईघाईनं वाल टोकत असतं. टेंपोत आधी सामान चढतं. पातेली, कोयते, गोधड्या, प्लास्टिकचा गुंडाळलेला कागद, पाय बांधलेल्या कोंबड्या. मग माणसं चढतात. यंदाही आले. मी सकाळची फिरून परत येत होते, टेंपोतून एका बाईनं हात केला, मीही केला. दहिवलीला घरी पोचेपर्यंत दोन वर्षांमागचे हेच दिवस माझ्या मागं लागले.

त्या वर्षी मी सॅक भरत होते. हसू नका, सॅकच. माझ्या लेकाची, निखिलची, कॉलेजातली, एक बंद शिवून घेतलेली. पावसाळ्यात माझी नोकरी संपली होती. चौतीस वर्षं मी नर्स होते, कर्जत आणि खालापूरच्या डोंगरपायथ्याच्या उपकेंद्रांवर. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक-सून पनवेलला. मी ठरवलं की तीन महिने एकटीनं फिरायचं. आधी सांची, मग गया, तिथून वर हिमालयाच्या पायथ्याशी जिथवर पेन्शन आणि गुडघे नेतील तिथवर. साध्या डब्यानं जायचं, धर्मशाळेत नाहीतर विहारात पथारी टाकायची, शक्य तिथं चालायचं. आमच्या आळीतल्या बायका चाळीसजणी बसनं जाऊन आल्या होत्या, नऊ दिवसांत सगळं उरकून. त्या म्हणाल्या, बाई, पुढच्या खेपेला तुमची सीट धरतो. मी नको म्हटलं. आयुष्यभर कुणाच्या तरी हाकेवर धावले, आता शिट्टी वाजली की बसमध्ये चढा हे मला झेपणारं नव्हतं.

निखिलनं पनवेलहून येऊन दोन तास समजावलं. आई, तू साठीला आलीस, कॉलेजात नाहीस, असं म्हणाला. म्हणून तर, मी म्हटलं. तो चिडला, मग त्यानंच मोबाईलवर नकाशे भरून दिले. जाताना उंबऱ्यात थांबून त्यानं विचारलं की पण नक्की कशासाठी? उत्तर होतं, पण ते लेकाला सांगण्यासारखं नव्हतं.

माझ्याकडं बाद झालेला एक वजनकाटा होता. झोळीत बाळ घालून वर टांगायचा, तसला. तो मी ओटीवरच्या हुकाला अडकवला आणि त्याला रोज सॅक लावायची. नऊ किलो भरली. नऊ किलो म्हणजे वर्षाचं पोर. एवढं पोर साठीच्या बाईनं दिवसभर पाठीवर घ्यायचं नाही. मग काढत गेले. दुसरी चादर काढली, जाड टॉवेल काढला, पुस्तक काढलं, स्टीलचा डबा काढून प्लास्टिकचा घेतला. तीन साड्यांच्या जागी दोन पंजाबी ड्रेस आले, एक अंगावर आणि एक दोरीवर. नाचणीचं पीठ, लसणाची चटणी, मीठ, ओआरएसची पाकिटं. साडेसहावर आले तेव्हा काटा थांबला. सहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ, म्हटलं, हे चालेल. कितीतरी वर्षांनी मी त्या काट्याकडं बघून हसले.

मग सराव. सॅकमध्ये तांदूळ भरायचे आणि दहिवलीवरून पळसदरीच्या धरणापर्यंत चालत जायचं. दव इतकं पडायचं की सलवार पोटरीपर्यंत ओली व्हायची. कापलेल्या भाताचा वास, पेंढ्याची उडवी, कुठंतरी झोडणीचा धपधप आवाज, आणि ऊन वर आलं की अंगावर चढणारी ती कोरडी कुसळं. हे सगळं मी चौतीस वर्षं पाहिलं होतं, पण लसीचा निळा डबा खांद्याला लावून आणि बर्फ वितळायच्या आत पोचायच्या घाईत. नर्सला ऋतू असतो तो तापाचा, जुलाबाचा, सर्पदंशाचा. त्या वर्षी पहिल्यांदा मी धुकं बघायला थांबले. रस्त्यातले लोक विचारायचे, बाई, तांदूळ विकायला निघालात का? मग विचारायचे, सोबत कोण? आपल्याकडं बाई कुठं चालली यापेक्षा सोबत कोण याचीच काळजी जास्त. कुणी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आपण काही वाईट बातमी दिल्यागत.

काय न्यायचं याची यादी मी लसीकरणाच्या एका जुन्या कार्डामागं केली होती. औषधं, बॅटरी, सुईदोरा, आधारकार्डाची झेरॉक्स, शिट्टी. एकेक वस्तू आली की खूण करायची. खूण न केलेलं शेवटी एकच उरलं. ते वस्तू नव्हतं. तिथं मी लिहिलं होतं, बारकीला सांगणे. तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. ते सांगितल्याशिवाय निघायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते सांगायला धीर यावा म्हणूनच मी हे निघण्याचं काढलं होतं. इथं राहून तिला सांगणं आणि रोज त्याच फाट्यावर तिचं तोंड बघणं माझ्यानं झालं नसतं. म्हणजे मी सांगून पळणार होते.

बारकी ही वाडीवरची. तिची लेक सोमी. माझ्या नोकरीचं ते दुसरं वर्ष. माझं माहेर लोधिवलीचं, म्हणजे इथलीच मी, हाय-नाय बोलत वाढलेली, मला वाटायचं या भागातलं सगळं बोलणं मला कळतं. सोमीला आठवा लागला होता. एकोणीस वर्षांची असेल. आधीची दोन पोटातच गेलेली. एका बुधवारी मी तिची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नव्हतीच. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. माझं तोंड तेव्हा फटकळ होतं, आताही आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिच्या नवऱ्यासमोर, आईसमोर तिला बोलले, "इथं राहिलीस तर जगायची नाहीस. जगायचं असेल तर मुकाट्यानं दवाखान्यात जा." सोमी खाली मान घालून हसली. वाडीवरच्या पोरी घाबरल्या की हसतात, हे मला नंतर कळलं.

पुढच्या बुधवारी मी गेले. त्या दिवशी धरणाच्या बाजूनं चढले, फाट्यावरून नाही. सोमीच्या खोपटाला काटेरी फांदी लावून ठेवलेली. बारकी अंगणात सूप घेऊन पाखडत बसली होती. मी विचारलं, सोमी कुठाय? ती म्हणाली, "जगायला गेली."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू. माझे शब्द, माझाच दम, आणि पोरीनं ऐकला. मी म्हणाले, बरं झालं बाई, शहाणी निघाली पोरगी. रजिस्टर मांडीवर घेतलं, सोमीच्या नावापुढं दवाखान्यात गेली म्हणून खूण केली आणि पुढच्या घराला लागले. दवाखान्यात खरंच पोचली का, हे विचारायला माणूस पाठवायला हवा होता. नाही पाठवला. कामं होती, घाई होती, आणि मुख्य म्हणजे मी खुशीत होते.

शिमग्याला सोमीचा नवरा एकटाच परत आला. तेव्हा आमच्या उपकेंद्रावरचा म्हातारा शिपाई मला म्हणाला, बाई, तुम्हाला एवढं ठाऊक नाही? वाडीवर भट्टीला जाण्याला जगायला जाणं म्हणतात. दिवाळीनंतर भातकापणीचं काम संपतं, मग घाटावर विटा पाडायला नाहीतर कोळसा पाडायला जायचं. इथं राहिलं तर उपास, तिथं गेलं तर जगणं. सोमी भीमेच्या काठी एका वीटभट्टीवर बाळंत होताना गेली, आणि बाळही गेलं.

आपली भाषा पण काय आहे बघा. नुसतं 'गेली' म्हटलं की माणूस संपलं. वाडीवर त्याच्या आधी एक शब्द लावतात आणि माणूस टेंपोत बसतं. कधीकधी दोन्हींचा अर्थ एकच होतो. त्यानंतर मी कानाला खडा लावला. 'कुठं गेली' असं नुसतं विचारलंच नाही, कुठल्या गावाला, कुठल्या नदीला, कुणासोबत, परत कधी, सगळं खोदून विचारायची. पोटुशी बाई निघाली तर तिच्या हातात कार्ड द्यायची, तिथल्या नर्सला दाखव म्हणायची. दोनचारदा टेंपोपुढं आडवी उभी राहिले आणि शिव्या खाल्ल्या. शेऱ्याच्या रकान्यात मी 'जगायला गेली' असंच लिहायची, वरचे साहेब ते खोडून 'स्थलांतरित' करायला लावायचे. लोक म्हणायचे, बाई कामाला वाघ आहे. माझं कौतुक झालं की मी विषय बदलायची. बारकीच्या अंगणात मी त्यानंतर शेकडो वेळा बसले, तिच्या नातवंडांना सुया टोचल्या, तिचा चहा प्याले. सांगितलं मात्र कधी नाही. भित्री होते, दुसरं काय.

बारकी गेल्या पावसाळ्यात वारली. ती होती तोवर मी हे लिहिलं नसतं.

तर त्या दिवाळीनंतर, तिकीट हातात आलेलं, सॅक साडेसहा किलो, आणि मी रोज वाडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत फिरायची. एक दिवस म्हटलं गुडघा दुखतोय. एक दिवस म्हटलं ती शेतावर असेल. एक दिवस तर मी धरणाच्या भिंतीवर तासभर बसले आणि सॅकमधले तांदूळ कुठल्या जातीचे असतील याचा विचार करत राहिले. स्वतःला फसवायला माणसाला फार अक्कल लागत नाही. निघायला चार दिवस उरले तेव्हा मी चढले.

बारकी दारातच होती. सत्तरीची असेल, तिलाही वय ठाऊक नव्हतं. वाडीवर अहो-जाहो नसतंच, डॉक्टर आला तरी तूच. माझ्या पाठीवरची सॅक बघून तिनं विचारलं, "तू बी जगायला चाललीस का गं?"

ती थट्टाच करत होती. माझ्या मात्र डोळ्यांना धारा लागल्या. तिनं मला धरून खाली बसवलं. मी सगळं सांगितलं. त्या बुधवारी मी काय ऐकलं, काय समजले, खूण कशी केली, माणूस पाठवला नाही, आणि खुशीत पुढच्या घरी गेले. मावशी, मी नीट विचारलं असतं तर सोमी आज असती, हेही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडं बघत नव्हते. अंगणात नवं भात वाळत घातलं होतं, त्यावर कोंबड्या येत होत्या, आणि बारकी एरवीसारखी त्यांना हाकलत नव्हती.

मग म्हणाली, "तू म्हनलीस, बरं झालं, शानी निघाली पोरगी. तवाच मी वळखलं, बाय दवाखाना समजली."

मला आधी कळेना ती काय म्हणतेय.

"टेंपो फाट्यावरच व्हता तवा," ती म्हणाली. "मानसं भरत व्हता. तुला सांगितलं असतं तर तू धावली असतीस नि तिला उतरवली असतीस. मी गप ऱ्हायले."

का, एवढंच मी विचारलं. ती सांगत गेली, मधेमधे थांबत. जावई एकटा गेला असता तर तिथंच दुसरी करून बसला असता. दोन पोरं गेलेली म्हणून आधीच त्याच्या घरचे सोमीला नावं ठेवत होते. बारकीला वाटलं, पोटुशी बाईला कुणी विटा उचलायला लावत नाही, बसून रांधेल, नवऱ्याच्या नजरेसमोर राहील, बाळ झालं की सगळं बसेल मार्गी. लेकीचा संसार वाचवायला ती गप्प बसली. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही, जावयाला नाही, मुलांना नाही.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. तीस-बत्तीस वर्षं मी हे एकटीचं म्हणून जपलं, रात्रीची झोप घालवली, आणि ही बाई माझ्यासमोर बसून मला चहा देत होती. मग माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. ती लुगड्याचा काठ बोटांना गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. माझ्या पोटात जे होतं ते तिच्याही पोटात होतं, आणि तिची तर लेक होती. माझा राग कधी गेला ते मला समजलंही नाही. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो.

मग तिनं विचारलं, तू कुठं कुठं जाणार? मी गावं सांगितली. वाटेत भीमा लागते का, असं तिनं विचारलं. माझी गाडी कल्याणवरून वर जाणार होती. लागत नाही, मी म्हणाले, पण लावता येईल. भट्टी ज्या गावाजवळ होती त्या गावाचं नाव तिनं एका दमात सांगितलं. जावयानं एकदाच सांगितलं होतं म्हणे. नदीच्या वळणावर, बाभळीखाली मायलेकराला पुरलं, हेही त्यानंच सांगितलेलं. पण तिथं बारकीला कोण नेणार? तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मलाबी ने."

मी दोन महिने जे करत होते ते बारकीनं दोन दिवसांनी, मी तिला न्यायला गेले तेव्हा, चूल विझवायच्या आत केलं. एक लुगडं, एक गोधडी, मिश्रीची डबी, दोन भाकरी आणि नव्या भाताचे तांदूळ एका फडक्यात. बोचकं डोक्यावर ठेवलं आणि चल म्हणाली. माझं सांचीचं तिकीट मी बदलून घेतलं. निखिलला फोनवर सांगितलं की पहिला टप्पा एकटीचा नाही. तो खूश झाला, त्याला वाटलं माझा हट्ट जरा सुटला.

कर्जतला गाडीत चढताना बारकीनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, देवळात जावं तशा. आयुष्यभर ती गाडी तिनं वाडीवरून डोंगरात शिरताना पाहिली होती, आत कधी बसली नव्हती. जावई-लेक टेंपोनं गेले होते. घाटातले बोगदे आले की ती माझा दंड धरायची आणि उजेड आला की सोडायची. दौंडला उतरलो, मग एसटी, मग एका मळ्यातल्या ट्रॅक्टरनं पुढं सोडलं. तो माणूस म्हणाला, भट्ट्या कधीच बंद झाल्या, आता सगळा ऊस. त्याच्या म्हाताऱ्या आईला मात्र आठवत होतं. तिनं काठीनं नदीचं वळण दाखवलं. कोकणातली माणसं यायची, असं म्हणाली.

वळणावर बाभळी होत्या, पण एक नाही, दहा-बारा. कुठली ते कोण सांगणार? बत्तीस वर्षांत नदी किती वेळा चढली असेल, काठ किती वेळा कोसळला असेल. मी हिशेब मांडायला लागले, झाडाचं वय, खोडाची जाडी. नर्सची खोड, दुसरं काय. बारकी तोवर सरळ चालत गेली आणि पाण्यापासून जरा वरच्या एका बाभळीखाली बसली. हीच का, मी विचारलं. ती म्हणाली, हीच धरायची.

तिनं फडकं सोडलं. तांदूळ मुठीनं जमिनीवर ठेवले, हळू, सांडू न देता. उसातून वारा येत होता आणि पलीकडं कुणी पाणी लावत असल्याचा पंपाचा आवाज होता. बारकी ओणवी झाली, जमिनीवर तळहात टेकवला आणि म्हणाली, "सोमे, आमी दोगीबी आलो गं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, सांग तिला.

मी तिच्या शेजारी बसले. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात सोमीशी मी किती बोलले असेन. शेवटी म्हणाले, "सोमे, मला तेव्हा कळलं नव्हतं गं."

बारकीनं तळहात उचलला नाही.

"आन मला कळलं व्हतं," ती म्हणाली.